कँप

लष्कराचा किंवा प्रवाशांचा तात्पुरता मुक्काम, तळ, अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. ‘मैदान’ या अर्थाच्या लॅटिन ‘काम्पुस’पासून तो आला. त्याचाच भाऊबंद ‘कंपू’ मराठीत अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. महादजी शिंदे यांच्या पदरी डी बॉयन याने उभारलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. पोर्तुगीज ‘कांपो’शी त्याचे रूप अधिक जुळते. पलटणी गेल्या, कंपू मात्र आपसांत संगनमत असलेल्यांचा गट, या काहीशा हेटाळणीच्या अर्थाने टिकला. नेत्रतपासणी, श्रमदान इत्यादींसाठी भरणाऱ्या कँपला लेखी मराठीत ‘शिबिर’ म्हणतात. पुणे, देवळाली, मालेगाव येथे लष्करी वस्तीमुळे कँप हे त्या त्या भागाचे नावच झाले.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर येथे या शब्दाला निराळाच इतिहास लाभला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांच्या ये-जा करणाऱ्या तुकड्यांसाठी मोठी छावणी बांधण्यात आली. युद्धानंतर रिकाम्या पडलेल्या तिच्या बराकींत, १९४७ च्या फाळणीमुळे सिंध सोडून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यात आली. एका बराकीत पडदे आणि आडभिंती घालून अनेक कुटुंबे राहू लागली. शेजारची अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे जुनी, अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा आहे. या वस्तीला मात्र नाव नव्हते, केवळ क्रमांक होते : कँप १ ते ५. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी नव्या नगराची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून त्याचे नामकरण झाले.

टपालाच्या पत्त्यांत ‘उल्हासनगर-१’ ते ‘उल्हासनगर-५’ असे विभाग आले, तरी बोलण्यातला कँप हटला नाही. तात्पुरतेपणा हाच ज्या शब्दाचा गाभा, तो येथे कायम घराचा पत्ता ठरला. कारण सिंधला परत जाण्याची वाट उरली नव्हती. बहुतेक बराकींच्या जागी पक्क्या इमारती उभ्या राहिल्यावरही पत्त्यात बराकीचा क्रमांक लिहिला जातो. १९९६ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. व्यापारी व्यवहारातही हेच क्रमांक चालतात. कँप २ मधील गजानन मार्केट कपड्यांसाठी, तर कँप ५ जीन्सच्या शिलाईसाठी ओळखला जातो.