थ्री-नॉट-थ्री

लष्करातून निघालेली रायफल विकत घेणं माझ्यासारख्या दिग्रसच्या पोराला शक्यच नव्हतं. ३०३ बोअर सामान्य माणसाला कायद्यानं बंद. परवानेवाल्यांसाठी इशापूरचा कारखाना ३१५ बनवी. ठेवण तीच, काडतूस वेगळं.

खरी थ्री-नॉट-थ्री मला भेटली एनसीसीच्या कॅम्पात. चारेक किलो वजन, दहा गोळ्यांचं मॅगझीन. पालथं झोपून बट खांद्यात घट्ट रोवायचा, श्वास रोखायचा, ट्रिगर हळूहळू दाबायचा. उस्ताद घाई मुळीच खपवून घेत नसत, आणि ते योग्यच होतं. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं मागेपुढे करायचा. १९६२ साली आपले जवान हिमालयात, गोठलेल्या बोटांनी, हेच करत लढले. चिन्यांकडे स्वयंचलित शस्त्रं होती. मला त्याचा आजही संताप येतो. त्या युद्धानंतर सैन्यात ७.६२ बोअरची रायफल रुळली आणि जुन्या ३०३ पोलिसांकडे, आम्हा कॅडेटांकडे राहिल्या.