ओझरची धावपट्टी : विमाने बांधणाऱ्या गावाचा भरती-ओहोटीचा इतिहास

१/१४
नाशिक म्हटले की गोदाघाट, पंचवटी आणि द्राक्षांचे मळे डोळ्यांसमोर येतात. मात्र शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, ओझर येथे एक धावपट्टी आहे. भारतीय हवाई दलाच्या शेकडो लढाऊ विमानांनी पहिली झेप येथूनच घेतली. या धावपट्टीभोवती उभा राहिलेला उद्योग कसा वाढला आणि वारंवार का थबकला, याचा हा मागोवा.

२/१४
पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर ही ध्वनिवेगाहून वेगवान विमाने मिळाली होती. त्यांना उत्तर म्हणून भारताने ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला. केवळ तयार विमाने घेऊन भारत थांबणार नव्हता. ती येथे बांधण्याचा परवानाही त्याला हवा होता. ओझरच्या कारखान्याचे बीज या अटीत आहे.

३/१४
दोनच महिन्यांत चीनचे आक्रमण झाले. कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे तेव्हा म्हटले गेले. १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, तेही नाशिकमधूनच. मिगचा कारखाना ओझरला येण्याचे श्रेय नाशिककर आजही त्यांनाच देतात.

४/१४
मिगच्या उत्पादनासाठी १९६३ मध्ये ‘एअरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. बंगळूरमध्ये ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना आधीपासून होता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तो उभारला होता. १ ऑक्टोबर १९६४ रोजी या दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि ‘हिंदुस्थान एअरोनॉटिक्स’, म्हणजेच एचएएल, जन्मास आली.

५/१४
मिगचे काम तीन राज्यांत विभागले गेले. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. उद्योगाचा लाभ अनेक प्रदेशांना मिळाला, पण एका विमानाचे अवयव शेकडो मैल दूर घडू लागले. त्यांची अंतिम जुळणी आणि चाचणी-उड्डाण नाशिकच्या वाट्याला आले. म्हणूनच कारखान्याच्या दाराशी धावपट्टी आवश्यक ठरली. ओझरचे विमानतळ प्रवाशांसाठी जन्मलेले नाही. ते कारखान्याचे अंगण आहे.

६/१४
परवान्यावर विमान बांधणे म्हणजे नेमके काय? प्रथम सुटे भाग परदेशातून येतात आणि येथे फक्त जोडले जातात. पुढे लहान भाग येथे घडू लागतात आणि शेवटी कच्च्या धातूपासून विमान तयार होते. ओझरने ही वाट १९६६ नंतरच्या काही वर्षांत चालून दाखविली. मिग-२१ च्या अनेक आवृत्त्या १९८७ पर्यंत येथे बांधल्या गेल्या. ‘कसे बांधावे’ हे हातांना पक्के उमगले. ‘असेच का बांधावे’ याचे उत्तर मात्र मॉस्कोतील आरेखनकारांकडे राहिले.

७/१४
याच काळात नाशिकचे औद्योगिक रूप पालटत होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. सातपूर आणि पुढे अंबड येथे वसाहती उभ्या राहिल्या. यंत्रकाम, साचे, पत्र्याचे काम जाणणारे कारागीर शहरात वाढले. मग या कारखानदारांनी सर्रास विमानांचे भाग का घडविले नाहीत?

८/१४
उत्तर आकड्यांत आहे. मोटारींना एकसारखे भाग लाखांनी लागतात. सुखोईची विमाने भरभराटीच्या काळातही वर्षाला डझनाच्या आसपासच बनत. शिवाय विमानाच्या प्रत्येक भागाच्या धातूचा उगम आणि प्रत्येक तपासणीची नोंद राखावी लागते. त्यासाठी महाग यंत्रे आणि प्रमाणपत्रे हवीत. चार वर्षांनी मागणी टिकेल याची शाश्वती नसताना लहान कारखानदाराने कर्ज काढावे कशाच्या भरवशावर?

९/१४
कारण येथे ग्राहक मुख्यतः एकच : भारतीय हवाई दल. परवान्यावर बांधलेले विमान मूळ कंपनीच्या संमतीवाचून इतर देशांना विकताही येत नाही. दिल्लीत निर्णय झाला की ओझरला भरती, लांबला की ओहोटी. मिग-२१ नंतर मिग-२७ चे काम आले, पण १९९० च्या दशकात तेही संपले. मग जुन्या विमानांची दुरुस्ती आणि सुमारे १२५ मिग-२१ चे ‘बायसन’ या सुधारित रूपात नूतनीकरण, यांनी कारखान्याला तगविले.

१०/१४
दुसरी भरती सुखोई-३० एमकेआयची. डिसेंबर २००० मध्ये १४० विमाने भारतात बांधण्याचा करार झाला. पुढे मागणी वाढत गेली आणि हवाई दलाच्या २७२ सुखोईंपैकी २२२ भारतात बांधण्याचे काम ओझरला मिळाले. २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन सुखोईने पहिले उड्डाण केले, तेही याच धावपट्टीवरून.

११/१४
त्यानंतर पुन्हा ओहोटी. रशियासोबत पाचव्या पिढीचे लढाऊ विमान विकसित करण्याच्या प्रकल्पातून भारत २०१८ मध्ये बाहेर पडला. सुखोईची मूळ मागणी पुरी होत आली आणि पुढचे काम कोणते, हा प्रश्न कामगारांसमोर उभा राहिला. कौशल्य साठवून ठेवता येत नाही. जुळणीची रांग थांबली की अनुभवी माणसे निवृत्त होतात आणि नवी घडत नाहीत.

१२/१४
मग धावपट्टीच्या बळावर इतर व्यवसाय? तोही प्रयत्न झाला. मालवाहतुकीची सोय उभी राहिली. मार्च २०१४ मध्ये प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले, पण नियमित विमानांची वाट पाहण्यात वर्षे गेली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली सेवा सुरू झाली, तीही अडखळत. लांब धावपट्टी आणि नवी इमारत असली म्हणजे व्यापार आपोआप येत नाही, हे ओझरने अनुभवले.

१३/१४
२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने झेप घेतली. हलक्या लढाऊ विमानाची तिसरी आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादनरांग त्याच दिवशी सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचीही मागणी आली होती. म्हणजे ही तिसरी भरती.

१४/१४
या वेळी एक मूलभूत फरक आहे. तेजसचे आरेखन भारतीय आहे. एखादा भाग बदलण्यासाठी किंवा नवा पुरवठादार जोडण्यासाठी मॉस्कोला विचारावे लागत नाही. सातपूर-अंबडच्या कारखानदाराला ही खरी संधी आहे. मात्र तेजसचे इंजिन अमेरिकी आहे आणि त्याच्या विलंबाने विमानांचे हस्तांतरण रखडले, हेही विसरता येणार नाही. म्हणून ओझरविषयीच्या प्रत्येक बातमीत दोन आकडे अवश्य शोधा : मागणी किती वर्षांची आहे, आणि त्यातले किती काम कारखान्याच्या कुंपणाबाहेर जाणार आहे. उद्घाटनाच्या छायाचित्रांपेक्षा ते दोन आकडे ओझरचे भवितव्य अधिक स्पष्ट सांगतील.