कोल्हापुरी चप्पल

झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचे, हाताने कापून चामड्याच्याच वादीने शिवलेले उघडे पादत्राण. कोल्हापूरच्या बोलीत ‘पायताण’. अस्सल जोडात खिळा नसतो. तळ म्हशीच्या किंवा बैलाच्या जाड कातड्याचा असतो, पट्टा आणि वेणी शेळीच्या किंवा अशाच मऊ कातड्याची. हे पादत्राण कोल्हापूरच्या नावाने विकले जात असले तरी ते बनते मात्र महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही अंगांना. अथणी, निपाणी आणि मधभावी या कर्नाटकातल्या गावांचा या कामातला वाटा कोल्हापूरपेक्षा कमी नाही. कोल्हापूर शहरातल्या चप्पल लाइन या बाजारात टांगलेल्या जोडांपैकी बरेच तिकडच्या घरांत शिवलेले असतात, हे दुकानदार विचारले तर सांगतात, पाटीवर लिहीत नाहीत.

या धंद्याची नेमकी सुरुवात कागदोपत्री सापडणे अवघड. बाराव्या शतकातल्या कर्नाटकातील कल्याणच्या शरणांपैकी, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांपैकी, हरळय्या आणि कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी जोड शिवला, ही कथा सीमाभागातले कारागीर आपल्या धंद्याची मूळकथा म्हणून सांगतात. ती इतिहास म्हणून वाचायची नाही. हे काम आपल्याकडे किती जुने मानले जाते, एवढे तिच्यावरून कळते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) चर्मोद्योगाला राजाश्रय मिळाला आणि शेतकरी-धनगरांच्या पायांतले पायताण शहरी पायांत आले. १९६०–७०च्या दशकांत परदेशी हिप्पींनी ते पसंत केले, आणि अंगठ्याची चप्पल म्हणून ते युरोप-अमेरिकेत पोचले.

खरे मर्म कमावण्यात आहे. परंपरेने हे काम ढोर समाजाचे आणि शिवण्याचे चर्मकार समाजाचे. कच्चे कातडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात, म्हणजे केस सुटतात. मग आतले मांस खरवडून काढतात. पुढे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचे. कोल्हापुरी पद्धतीत यासाठी कातडे शिवून त्याचीच पिशवी करतात, तिच्यात साल आणि पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. पाणी झिरपत राहते, ते पुन्हा वरून ओततात. सगळे मिळून महिना-सव्वा महिना जातो. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार थोड्या वेळात उरकते, पण तसले चामडे लवचीक आणि एकसारखे निघते. झाडाच्या सालीने कमावलेले ताठ असते, घाम शोषते आणि वापरता वापरता पायाचा आकार धरते. नवी चप्पल पहिले काही दिवस ‘लागते’ ती याच ताठपणामुळे. त्यावर उपाय एकच : तेल चोळायचे आणि चालत राहायचे.

शिवण्याचे काम घरात, जमिनीवर बसून चालते. भिजवलेले चामडे ठोकून दाबायचे, रापीने तळ कापायचा, आरीने भोके पाडून वादी ओवायची. तळाच्या दोन बाजूंना बाहेर येणारे ‘कान’, त्यांतून जाणारा पट्टा आणि पुढे अंगठा, एवढ्या तीन भागांवर पाऊल तोलले जाते. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायका विणतात. पातळ चामड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या कापून, पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवून, न बघता बोटे चालतात. जोडाची शोभा या वेणीवर ठरते आणि मजुरीच्या हिशोबात तिचीच किंमत सर्वांत कमी धरली जाते. वर लाल गोंडा, जर किंवा ठशांची नक्षी येते. काही जोडांत तळाच्या थरांमध्ये ‘विंचू’ बसवतात. त्याने चालताना करकर आवाज होतो. माणूस दिसण्याआधी त्याची चाल ऐकू यावी, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो पुरेसा आहे.

प्रकार पुष्कळ : कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी. पहिली दोन नावे गावांवरून आली आहेत. कापशी कागल तालुक्यातली.

२०१९मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. महाराष्ट्राचे संत रोहिदास आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम ही दोन चर्मोद्योग महामंडळे मानांकनाची संयुक्त धनी आहेत. सीमावादात एरवी न दिसणारी ही एकवाक्यता. मात्र मानांकन राखते ते नाव. घाट कोणीही उचलू शकतो. जून २०२५मध्ये मिलानमधील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने अंगठ्याची अशीच चप्पल उगमाचा उल्लेख न करता मांडली, तेव्हा हे उघडे पडले. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका मात्र टिकली नाही, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे धनी नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांत बनवलेले मर्यादित जोड तिने विकावेत, असे ठरले.

प्राडापेक्षा जवळचे संकट रेग्झिनचे आहे. छाप्याची वेणी आणि डिंकाने चिकटवलेला तळ असलेली नक्कल अस्सल जोडाच्या निम्म्याहून कमी दरात मिळते. पारखायचे तर चप्पल उलटी करावी : कडेने फिरलेली वादीची शिवण दिसली पाहिजे. दुसरीकडे कच्चा मालही महागला. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा सुधारित कायदा मार्च २०१५मध्ये लागू झाला आणि बैलाचे कातडे मिळेनासे झाले. म्हैस त्या कायद्यात येत नाही, तरी जनावरांची ने-आण करणारे धास्तावले. कमावण्याचे हौद गावोगाव बंद पडत गेले आणि बरेचसे चामडे आता परराज्यांतून येते.

पाणी या चपलेला सोसत नाही. भिजली की तळ फुगतो आणि थर सुटू लागतात. म्हणून जूनमध्ये ती तेल लावून कागदात गुंडाळून माळ्यावर जाते आणि चप्पल लाइनमधली विक्री मंदावते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी आणि पुढची लग्नसराई, यांवर दुकानांचा आणि शिवणाऱ्या घरांचा वर्षाचा बराचसा हिशोब भागतो.