कुत्र्याचे माती उकरणे

कुत्र्याचे माती उकरणे : पुढच्या पंजांनी माती मागे फेकत खड्डा करण्याचे कुत्र्याचे स्वाभाविक वर्तन. पाळणारा याला खोड म्हणतो आणि ती मोडण्याचा एकच उपाय शोधतो. मात्र उकरण्याची कारणे अनेक आहेत, आणि कोणते कारण लागू आहे हे बहुधा खड्डाच सांगतो. लांडगे पिलांसाठी बीळ खणतात, उरलेले मांस मातीत पुरतात. हा वारसा कुत्र्याकडे आला. माणसाने त्यात भर घातली. जर्मनीत डॅक्सहुंड आणि ब्रिटनमध्ये टेरियर ही कुत्री बिळातल्या शिकारीमागे जमिनीखाली शिरावीत म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. पश्चिम महाराष्ट्रातला कारवान जातीचा कुत्रा मात्र उकरण्यासाठी नव्हे, तर सावज नजरेने हेरून माळावर पाठलाग करण्यासाठी. टेरियर आणून बागेची काळजी करणे म्हणजे स्वतःच्या निवडीवर रागावणे होय.

वैशाखात भिंतीच्या सावलीत किंवा नळाच्या ओलीत अंगाच्या मापाचा उथळ खड्डा दिसला आणि कुत्रा त्यात पोट टेकून पडला, तर कारण उष्मा. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. बरीचशी उष्णता धापा टाकून घालवावी लागते, आणि वरचा तापलेला थर काढला की खाली गार माती मिळते. कुंपणाच्या कडेचा खड्डा पळून जाण्यासाठी असतो : जवळपास कुत्री माजावर असते, किंवा फटाक्यांची भीती असते. एकाच ठिकाणी नाक खुपसून खोल उकरणे चालू असेल तर खाली घूस किंवा उंदीर असण्याची शक्यता मोठी. माजानंतर सुमारे दोन महिन्यांनी कुत्री कोपरा आणि अंथरूण ओरबाडू लागली तर ती व्यायला आली असेल. गाभण नसतानाही आभासी गर्भधारणेत हेच घडते. घरात कोणी नसताना अंगणभर पडलेले खड्डे बहुधा कंटाळ्याचे किंवा एकटेपणाच्या अस्वस्थतेचे. फक्त गुलाबाचाच वाफा उकरला जात असेल तर खताकडे पाहावे. खतातल्या हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला खेचतो. त्यात एरंडीची पेंड मिसळलेली असेल तर प्रश्न बागेचा उरत नाही, कारण पेंडीत रायसिन हे विष राहिलेले असू शकते. कुत्र्याने ती खाल्ली असेल तर उलटी-जुलाबाची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

चार रट्टे दिले की कुत्रा सुधारतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण सकाळच्या खड्ड्याचा संध्याकाळच्या माराशी संबंध कुत्रा जोडू शकत नाही. तो कान पाडून ओशाळतो ना, असे कोणी म्हणेल. पण कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांच्या २००९ मधील अभ्यासात हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याच्या चुकीपेक्षा मालकाच्या रागावण्याशी जुळलेला आढळला. उकरतानाच हटकले तर कुत्रा थांबतो हे खरे, पण उष्मा किंवा घूस जागेवरच राहते, आणि मालकाची पाठ वळली की काम पुन्हा सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : उकरायला वेगळी जागा दिली तर सवय वाढणार नाही का? उकरण्याची ओढ आधीच असते. ठरायचे असते ते ठिकाण. रेती-मातीच्या एका चौकोनात खेळणी आणि खाऊ पुरून ठेवला, तिथे उकरल्यावर शाबासकी दिली आणि वाफ्यांवर जाळी अंथरली, तर कुत्रा फायद्याच्या जागेकडे वळतो. टेरियरसारख्यांना हा उपाय लागू पडतो. उन्हाने बेजार झालेल्याला आधी सावली, गार फरशी आणि भरपूर पाणी हवे. कंटाळलेल्याला फिरणे, वास घेत हुंदडणे आणि माणसांचा सहवास. कुंपणाखालून निसटणाऱ्याला खेळण्याच्या चौकोनाचे आकर्षण वाटत नाही. तिथे कुंपणाच्या जाळीची खालची कड आत वळवून मातीत पुरावी. माजावरच्या कुत्रीमागे धावणाऱ्या नरांत निर्बीजीकरणाने भटकणे बरेचदा कमी होते. घुशीसाठी विष मात्र टाकू नये. ते खाऊन मेलेली घूस उकरून काढणारा पहिला प्राणी हाच कुत्रा असतो.