कामाच्या कपड्यांची गोधडी

इतिहास म्हटला की आपण कागद शोधतो. पण ज्यांच्याकडे कागदच नव्हते, त्यांचं दुःख इतिहासात कुठे शोधायचं? आज आपण एका गोधडीपाशी थांबू.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात गीज बेंड हे गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांचं. मळेमालकाचं ‘पेटवे’ हे आडनाव इथल्या कितीतरी घरांना अजून चिकटलेलं आहे. 1932 मध्ये, उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी इथली जनावरं, अवजारं, धान्यसुद्धा उचलून नेलं. अशा घरांत जुना कपडा टाकून देण्याची सोयच नव्हती. थंडीसाठी त्याची गोधडी व्हायची. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचं व्हायचं, तेच.

1942 मध्ये मिसूरी पेटवे या बाईनं, नवरा गेल्यावर, त्याचे शेतात घालायचे कपडे घेऊन गोधडी शिवली. आईला मदत करणारी मुलगी अर्लोन्झिया हिनं ही हकीकत पुढे सांगितली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेच्या पांघरुणात निजता यावं, एवढंच आईच्या मनात होतं.

आता विचार करा. ते कपडे खुंटीला तसेच राहिले असते, तर ‘माणूस नाही’ एवढंच रोज सांगत राहिले असते. ते फाडले, म्हणजे त्याचे कपडे म्हणून ते संपले. शोकातली अडचण हीच आहे. गेलेल्याला जवळ ठेवायचं, तर त्याच्या वस्तूंचं जुनं रूप मोडावं लागतं. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात स्मृती म्हणजे मनातली प्रतिमा असं शिकवलं. मिसूरीची स्मृती नुसती मनात नव्हती, ती टाक्याटाक्यानं हातात आली होती. तिचं दुःख सरलं असं आपण म्हणू नये. अंगावर घेता येईल, असं रूप त्याला मिळालं, एवढं मात्र खरं.

आमच्या आईची दोन नऊवारी लुगडी अजून ट्रंकेत घडीबंद आहेत. ती कापायचा धीर आम्हाला आजवर झालेला नाही. तो धीर म्हणजे विसरणं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

2002 मध्ये ह्यूस्टनच्या प्रदर्शनानं गीज बेंडच्या गोधड्यांना मोठं नाव मिळालं. मिसूरीची गोधडी आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. ती जपली जाईल, हे चांगलंच. पण ती बघण्यासाठी नव्हे, पांघरण्यासाठी शिवली होती, हे आपण लक्षात ठेवू.