एका जोत्यावरची बिऱ्हाडे



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरसाल पाककृती, विणकाम, आजीबाईचा बटवा यांवर चांगले लेख येतात. अध्यक्षाबाईंनी मलाही लिहिण्याचा आग्रह केला, तेव्हा मी निराळाच विषय घ्यायचे ठरविले. आपल्या गल्लीत फिरून पाहा, निम्म्याअधिक घरांवर सळया उभ्या आहेत. कोणी थोरल्या मुलासाठी वर दोन खोल्या काढीत आहे, कोणी भाडेकरूसाठी, कोणी माहेरी परत आलेल्या लेकीसाठी. एका कुटुंबासाठी घेतलेल्या जागेवर तीन-तीन चुली पेटू लागल्या आहेत. हे नवे आहे काय? आणि याविषयी सरकारी नियम काय सांगतो, पूर्वी काय सांगत होता? माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. परंतु आमच्या घराच्या कागदांपायी मला कचेऱ्यांचे बरेच हेलपाटे पडले. त्यात जे कळले आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले, ते यथामति येथे मांडते.

प्रथम आपल्या जुन्या घरांकडे पाहू. बीडच्या जुन्या वस्तीत अजून काही माळवदाचे वाडे शिल्लक आहेत. दगडी जोते, सागवानी खांब, जाड मातीच्या भिंती, वर माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दरवाजातून आत आले की ढाळज, मग चौक, चौकाभोवती सोपे, त्यामागे माजघर व स्वयंपाकघर. बाहेरून पाहणाऱ्यास हे एकच घर दिसे. आत मात्र थोरले दीर, धाकटे दीर, विधवा आत्या आणि गावाबाहेरून शिकावयास आलेला भाचा, अशी सगळी मंडळी असत. माझ्या सासूबाई १९६९ साली नवरी होऊन आमच्या वाड्यात आल्या, तेव्हा तेथे चार चुली होत्या, पण आड एक व न्हाणी एक.

या चार चुलींना कोणी परवानगी दिली होती? कोणीच नाही. गावठाणातील घराला रीत होती, लेखी नियम नव्हता. भाऊ वेगळे निघाले की पंचांसमक्ष वाटणी होई, माजघरात एक भिंत घातली जाई व एका घराची दोन घरे होत. त्या रिवाजात सोय होती हे खरे, परंतु सोय कोणाची आणि कष्ट कोणाचे हेही पाहिले पाहिजे. चार चुलींचे पाणी एकाच आडाचे, म्हणून पहाटे चारला उठून पाणी भरावयाचे ते बायकांनी. न्हाणीपुढे ताटकळत उभे राहावयाचे तेही बायकांनीच. भिंत कोठे घालावी हे पुरुषांच्या बैठकीत ठरे, आणि खिडकी कोणाच्या वाट्यास गेली व धूर कोणाच्या, ते दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना आम्हांस कळे.

पुढे काळ पालटला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. कचेऱ्या, शाळा, दवाखाने वाढले. बाहेरगावचे शिक्षक, कारकून, कंपाउंडर यांना राहावयास जागा हवी होती, आणि ती वाड्यांतच मिळाली. ढाळजेत एक बिऱ्हाड, माडीवर दुसरे. भाडेकरूच्या रक्षणासाठी १९५४ चा हैदराबादचा भाडेनियंत्रण कायदा होता. तो आपल्या मराठवाड्यात ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा लागू होईपर्यंत चालला. त्याने गरीब बिऱ्हाडकरूस आधार दिला. पण भाडे जुनेच राहिले, म्हणून पुष्कळ मालकांनी माळवदावर माती टाकणे सोडले. माळवद दर पावसाळ्यापूर्वी पाहिले नाही तर गळणारच. असे कितीतरी वाडे बसले.

आता नियम कोठून आले ते सांगते. पुष्कळांस वाटते की नियम हे केवळ लोकांना अडविण्यासाठी केले. तसे नाही. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. कोंदट चाळींत, एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहात, तेथे माणसे पटापट दगावली. त्यानंतर १८९८ साली तेथे सुधार मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले, आणि १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो. तिकडे हैदराबादेस सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीचा महापूर आला, हजारो माणसे गेली, आणि १९१२ साली तेथेही शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. म्हणजे घराभोवती मोकळी जागा सोडा, हवा-उजेड ठेवा, नदीच्या पात्रात बांधू नका, हे नियम माणसे मेल्यावर सुचलेले आहेत. आपल्या बीडलाही याचा दाखला आहे. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला जो पूर आला, त्यात नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या व माणसे दगावली. हे ज्यांनी पाहिले, त्या बायका आजही पावसाळ्यात नदीकडे पाहून हात जोडतात.

महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ साली झाला. त्यानुसार गावांचे विकास आराखडे होऊ लागले आणि गावठाणाबाहेर भूखंडांची रेखांकने पडू लागली. हा भूखंड म्हणजे नवी कल्पना होती. वाड्यात घर वाढे ते माणसांच्या गरजेप्रमाणे. येथे आधी चौकट आखलेली, पुढे इतकी जागा सोडा, मागे इतकी, बाजूस इतकी, आणि मध्ये घर बांधा. नकाशावर 'निवासी' असा रंग. मनात चित्र होते ते नवरा, बायको व दोन मुले यांच्या टुमदार बंगल्याचे. विधवा नणंद, धाकटा दीर, ऊसतोडीहून सहा महिन्यांनी परतणारा भावाचा संसार, यांना त्या चित्रात जागा नव्हती.

ही अडचण आपल्याकडेच झाली असे समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील बर्कली शहराने १९१६ साली असा नियम केला की काही वस्त्यांत एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर असावे. पुढे तो नियम देशभर पसरला. दिसावयास तो शांततेचा व स्वच्छतेचा नियम. पण ज्याला एवढा मोठा भूखंड परवडत नाही, तो गरीब, तो काळ्या वर्णाचा, तो परदेशातून आलेला, आपोआप वस्तीबाहेर राहिला. शंभर वर्षांनी त्यांस घरांची टंचाई जाणवू लागली. मिनियापोलिस शहराने २०१८ साली ठरविले की अशा भूखंडावर तीन बिऱ्हाडांपर्यंत घर बांधता येईल. ओरेगन राज्याने २०१९ साली व कॅलिफोर्नियाने २०२१ साली असेच कायदे केले. जी गोष्ट आपल्या वाड्यांत सहज होती, ती तेथे कायदा करून परत आणावी लागली.

आपल्याकडे मात्र दुसराच प्रकार झाला. आखीव भूखंड महाग. तेव्हा शेतकऱ्याने शेताचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकले आणि लोकांनी ते साध्या मुद्रांकाच्या कागदावर घेतले. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे लहान तुकडे पाडू देत नव्हता, म्हणून हे व्यवहार कच्चेच राहिले. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. त्या एका गुंठ्यात दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे राहू लागली. ना रस्ता, ना गटार, ना सातबाऱ्यावर नाव. शेवटी सरकारने २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला व १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी वस्ती शुल्क भरून नियमित करण्याची सोय दिली. ही मुदत २०२१ साली वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांस ती लागू केली. नियमाने रीतीकडे डोळेझाक केली की रीत थांबत नाही, ती चोरवाटेने चालते, हा यातला धडा आहे.

मजल्याची मालकी हाही असाच प्रश्न. पूर्वी जमीन ज्याची, घर त्याचे. वरच्या खोलीचा मालक वेगळा असू शकतो हे कागदावर पक्के करण्यासाठी १९६३ साली सदनिकांच्या मालकीचा कायदा झाला व १९७० साली अपार्टमेंटचा कायदा झाला. तेव्हापासून एका जोत्यावर दोन-तीन मालक पक्क्या नोंदीने राहू शकतात.

येथवर मी घरांविषयी बोलले. आता घरातल्या बाईविषयी बोलते, कारण माझ्या मते सगळ्याचे मूळ तेथे आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत हक्क दिला. पण त्याच कायद्यात तेविसावे कलम होते. कुटुंब ज्या घरात राहते, त्या घराची वाटणी मुलीने मागावयाची नाही, भावांनी वाटणी करावयाचे ठरविले तरच तिला वाटा मिळे. अविवाहित, टाकलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली किंवा विधवा असेल तर तिला त्या घरात फक्त राहावयाचा हक्क होता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून ते तेविसावे कलम देशभर रद्द झाले आणि लग्न झालेल्या मुलींनाही मुलाइतका हक्क मिळाला.

याचा अर्थ काय, तो माझ्या नणंदेकडे पाहून मला समजला. त्या १९९९ साली विधवा होऊन माहेरी आल्या. घरच्यांनी प्रेमाने ढाळजेतली खोली दिली. पण ती दिलेली होती, त्यांची नव्हती. खिडकी पाडावयाची तर विचारावे लागे, पाहुणा आला तर सांगावे लागे. घरातल्यांचा स्वभाव चांगला म्हणून त्यांचे दिवस नीट गेले. स्वभाव वाईट असता तर त्यांना कोठला आधार होता? २००५ नंतर भावांनी रीतसर वाटणीपत्र नोंदवून ती खोली व तिच्यावरचे माळवद त्यांच्या नावे केले. त्या दिवशी त्यांनी काही मोठे भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि पूर्वेला खिडकी पाडून घेतली.

आता आजचा नियम. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याने मुंबई व काही मोजके भाग वगळून सर्वत्र एकच विकास नियमावली मंजूर केली. ती आपल्या बीडलाही लागू आहे. तिच्यात लहान भूखंडांना मोठी सवलत आहे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत असेल, तर परवाना असलेल्या वास्तुविशारदाचा अथवा अभियंत्याचा नकाशा व दाखला जोडून शुल्क भरले की वेगळी परवानगी पाहत बसावे लागत नाही. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यावयाची आहे. भूखंड मंजूर व कागद स्वच्छ हवा, ही अट मात्र आहे. किती बांधावयाचे ते चटई क्षेत्रावर ठरते. नाव अवघड, अर्थ सोपा: सगळ्या मजल्यांवर मिळून किती चटया अंथरता येतील त्याची भूखंडाशी तुलना. गावठाणाबाहेर मूळ प्रमाण १.१० आहे. म्हणजे १,०८९ चौरस फुटांच्या गुंठ्यावर सुमारे १,२०० चौरस फूट. खाली सहाशे, वर सहाशे; सासूबाईंचे बिऱ्हाड खाली व मुलाचे वर. जुन्या वाड्याची रीत शेवटी नियमात बसली म्हणावयाची.

म्हणून ज्या भगिनींच्या घरावर मजला चढतो आहे, त्यांना माझे सांगणे आहे. घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. पण बांधण्यापूर्वी कागद पाहावा. नकाशा दाखल करावा, त्याची पोच जपून ठेवावी. गच्चीवर चोरून काढलेल्या खोलीस उद्या नोटीस आली तर सामान बाहेर काढावे लागते ते त्या खोलीत राहणाऱ्या सुनेला व लेकीला. बाजूची मोकळी जागा गिळू नये. शेजारणीच्या स्वयंपाकघराचा उजेड तेथूनच येतो. आणि तिसरी गोष्ट, कागदावर बाईचे नाव असावे. खेड्यांतील घरांची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचा निर्णय राज्याने 'घर दोघांचे' या नावाने २००३ सालीच घेतला आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. आपल्या माहेरी, सासरी मोजणी झाली असेल तर त्या पत्रकावर कोणाकोणाची नावे आली, हे एकदा स्वतः वाचून पाहा.

मंडळास माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाच्या निमित्ताने आपण जमतोच. त्यातील एका दिवशी प्रत्येकीने आपल्या घराची कर-पावती बरोबर आणावी. ज्यांना वाचता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी. पाहू या तरी, आपल्यापैकी कितीजणी स्वतःच्या घरात राहतात.