तोफेचा धक्का कोणी सोसावा?

नोकरीच्या निमित्ताने जयपुरात येऊन राहिलेल्या मराठी माणसाला दिवाळीपासून होळीपर्यंत एक बिनपगारी जादा काम असते. देशावरून, कोकणातून, वऱ्हाडातून पाहुणे येतात. त्यांना हवामहाल, जंतरमंतर आणि आमेर दाखवावे लागते, आणि दिवस कलायच्या आत जयगडावर नेऊन जयबाण तोफेपुढे उभे करावे लागते. तेथला वाटाड्या सांगतो ती हकीगत आता मला पाठ झाली आहे. तोफ चाचणीसाठी एकदाच उडवली. गोळा पस्तीस किलोमीटरवर चाकसूजवळ पडला आणि तिथे तलाव झाला. गोलंदाजाने बत्ती दिली आणि लागलीच शेजारच्या हौदात उडी घेतली.

गेल्या हिवाळ्यात आमचे एक वयोवृद्ध मामा आले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गोळा पुढे गेला, ते कळले. पण तोफ मागे किती गेली?" वाटाड्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. ते शोधण्याच्या खटपटीतून हा लेख झाला आहे.

जयबाण सवाई जयसिंग दुसरे यांच्या कारकिर्दीत १७२० मध्ये जयगडावरच ओतली गेली. तोफा ओतण्याचा तिथला कारखाना आणि नळी आतून कोरण्याचे बैलांनी फिरवायचे यंत्र आजही पाहता येते. तोफेची नळी वीस फुटांहून थोडी अधिक लांब, तोंड अकरा इंचांचे, आणि वजन सुमारे पन्नास टन. नळीवर हत्ती, मोर आणि झाडे कोरली आहेत. गोळा पन्नास किलोचा आणि त्याला दारू शंभर किलो, असे तिच्याविषयी नोंदवले जाते.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. न्यूटनचा तिसरा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकलेला असतो. बंदूक हे त्याचे सर्वांत निष्ठुर उदाहरण होय. गोळ्याला पुढे जितका रेटा मिळतो, तितकाच तोफेला मागे मिळतो. जयबाण गोळ्यापेक्षा हजारपट जड आहे. गोळा सेकंदाला तीनशे मीटर वेगाने सुटला असे समजलो, तर केवळ गोळ्यापायी तोफ सेकंदाला एक फूटभर वेगाने मागे सरेल. दारूचा धूरही पुढेच झेपावतो आणि त्याचाही रेटा मागे बसतो. तो धरला तरी हा वेग मीटरभराच्या आसपास राहील. म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतका! पण हा सावकाश चालणारा माणूस पन्नास टनांचा आहे, हे विसरून चालणार नाही.

चाकसूच्या कथेचाही निकाल याच हिशेबाने लागतो. हवेचा अडथळा मुळीच नाही असे धरले तरी पस्तीस किलोमीटर जाण्यासाठी गोळ्याला सेकंदाला जवळजवळ सहाशे मीटर वेग हवा, आणि प्रत्यक्ष हवेतून जायचे तर त्याहून पुष्कळ जास्त. जुन्या काळ्या दारूकडून आणि गोल गोळ्याकडून इतकी अपेक्षा करता येत नाही. हौदाची गोष्ट मात्र अगदीच निराधार वाटत नाही. पाण्यात बुडी मारल्याने तोफेचा मागचा धक्का चुकत नाही. चुकतो तो कानठळ्या बसवणारा आवाज आणि तोंडाशी उसळणारा हवेचा लोट. धक्का आणि दणका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंचा बंदोबस्तही निराळा करावा लागतो.

धक्का कमी करण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे वजन. आपल्या ओळखीचे उदाहरण विजापूरच्या मुलूखमैदानाचे. ही तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन. पण जो इलाज तोच रोग, अशी इथे गत होते. वजनाने धक्का गिळला जातो, मात्र तोफ जागची हलत नाही. ज्या शतकात मराठी फौजा ढुंढाडात वारंवार उतरल्या, त्या शतकातही जयबाण कोणत्या लढाईत उडाली नाही. २० जून १७९० रोजी पाटणला महादजी शिंद्यांच्या द बॉयनने घडवलेल्या पलटणींनी जयपूर-जोधपूरच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा पलटणींबरोबर रणात नेता येतील अशाच तोफा कामाच्या होत्या. गडावरची अजस्र तोफ गडावरच राहिली.

याच्या उलट टोकाला सुतरनाळ किंवा जंबुरक. ही लहान तोफ उंटाच्या खोगिरावर बसवलेली असे. उंटाला गुडघ्यांवर बसवून ती डागायची आणि पुन्हा उठवून पुढे न्यायची. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अब्दालीच्या या उंटांवरच्या तोफांनी आपल्या सैन्याचे काय केले, ते मराठी वाचकास सांगावयास नको. इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा एका जागी खिळलेल्या, आणि ह्या मात्र हव्या तिथे जाणाऱ्या. इथे धक्का ओतीव धातूने सोसला नाही, मुक्या जनावराच्या पाठीने सोसला. जयबाण आणि सुतरनाळ शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते: धक्का नाहीसा करता येत नाही, तो कुणाच्या तरी हवाली करावा लागतो.

शिकारीच्या मोठ्या बंदुकांत तो माणसाच्या खांद्याच्या हवाली होतो. एकोणिसाव्या शतकात हत्ती-गेंड्यांसाठी चार बोअरच्या बंदुका वापरीत. त्यांची गोळी पाव पौंडाची. सॅम्युएल बेकर या इंग्रज शिकाऱ्याने तर अर्ध्या पौंडाचा गोळा उडवणारी बंदूक करवून घेतली होती. तिला तो लाडाने 'बाळ' म्हणे, पण ती उडवली की स्वतःच गरकन फिरे, आणि तिला हात लावायला तो बिचकत असे. पुढे कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली आणि चित्र पालटले. १८९८ मध्ये रिग्बी यांनी ४५० बोअरची नायट्रो एक्सप्रेस रायफल काढली. तिची गोळी एकतीस ग्रॅमची, म्हणजे चार बोअरच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकी. पण वेग इतका की मारा तितकाच घातक. खांद्यावरचा धक्का निम्म्याहून खाली आला.

आम्हां सरकारी नोकरांना रस वाटेल असा एक प्रकार याच सुमारास घडला. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना ४५० बोअरच्या गोळ्या उपयोगी पडतील, या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात त्या बोअरवर बंदी घातली. एका आदेशासरशी विलायतेतील कारखानदार नव्या मापांच्या मागे लागले, आणि ४६५, ४७० अशी मापे जन्मास आली. जिम कॉर्बेटची जड दुनळी ४५०/४०० ची होती. नावात ४५० असले तरी तिची गोळी ४०० ची, आणि धक्का त्या वर्गातल्या बंदुकांत सौम्य मानला जाई.

अशा रायफलीचे वजन साधारण पाच किलो असते आणि ती सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने मागे येते. साध्या ३०३ रायफलीच्या चार-पाच पट ऊर्जा खांद्यात शिरते. वजन दुप्पट केले तर वेग निम्मा होतो आणि ऊर्जाही निम्मी. पण दहा किलोची बंदूक घेऊन रानात दिवसभर कोण हिंडणार? म्हणून कारागिरांनी दुसऱ्या वाटा काढल्या. दस्त्याच्या टोकाला रबराची गादी बसवली. तिने धक्का घटत नाही, पण क्षणभर लांबतो आणि रुंद जागेवर पसरतो. दस्ता सरळ ठेवला, म्हणजे नळी उसळून गालावर आदळत नाही. दस्त्यात पारा भरलेली नळी घातली. नळीच्या तोंडाशी बाजूला भोके पाडली, म्हणजे वायू पुढे न जाता आडवा जातो आणि बंदुकीला उलट पुढे ओढतो. हा शेवटचा उपाय सर्वांत गुणकारी खरा. मात्र त्याने आवाजाचा सारा लोट बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या कानांवर जातो. शिकारीत बाजूला असतो तो बंदूक वाहणारा किंवा माग काढणारा गडी. साहेबाचा खांदा वाचतो आणि गड्याचे कान जातात. तोफांच्या बाबतीत फ्रेंचांनी १८९७ च्या पंचाहत्तर मिलिमीटरच्या तोफेत हा भार माणसावरून काढून तेल आणि दाबलेल्या हवेवर टाकला, हा त्यातल्या त्यात न्याय्य तोडगा म्हणावा लागेल.

खांदा सुखावला, तसा नेम सुधारला. आणि मग धक्का वनाच्या वाट्याला गेला. जयपूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान म्हणजे रणथंभोर. जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप सवाई मानसिंगांचे पाहुणे होते, तेव्हा फिलिप यांनी तिथेच वाघ मारला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ वनांत रणथंभोर होते. त्या नवांत आपले मेळघाटही होते.

मामांना मी हे सारे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: 'हिशेब बरोबर आहे. पण त्या गोलंदाजाचे नाव काय होते?' त्यानंतर दोनदा जयगडावर जाणे झाले. वाटाड्या महाराजांचे नाव सांगतो, तोफेचे सांगतो, तलावाच्या गावाचेही सांगतो. बत्ती देणाऱ्याचे सांगत नाही. मी मात्र पाहुण्यांना आता आधी हौद दाखवतो, आणि मग तोफ.